तो विषय वेगळा नाही

«ताई, नमस्कार. मी ४४ वर्षांचा, बँकेत नोकरी, राहणार लोकमान्य नगर, इंदूर. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला तिच्या खोलीतून हुंदके ऐकू आले. धावत गेलो, तर ही कॉम्प्युटरसमोर गेमचा रिमोट हातात धरून रडतेय. पडद्यावर एक पोरगा आपल्या मेलेल्या थोरल्या भावाला ओढत खड्ड्याकडे नेत होता. मला एकदम हसू फुटलं. म्हणालो, "अगं, कार्टून आहे ते. दोन बटणं दाबलीस की उठून उभा राहील." तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, कॉम्प्युटर बंद केला आणि तेव्हापासून माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नाही. बाकी सगळं ठीक आहे. शाळा, क्लास, जेवण, मैत्रिणींशी खिदळणं, सगळं चालू. आमच्या हिचं म्हणणं, गेमच बंद करून टाका.

खेळलो तर आम्हीही आहोत. रामबागेत होतो तेव्हा मी आणि दादा टीव्ही गेमवर काँट्रा खेळायचो. धबधब्याच्या लेव्हलला तो माझ्यासाठी थांबायचा. त्याच्या क्लासमधल्या कॉम्प्युटरवर चोरून प्रिन्स ऑफ पर्शियासुद्धा खेळलोय. पण रडलो कधी नाही. त्यात रडण्यासारखी गोष्टच नसायची. (टीव्ही गेम अजून माळ्यावर आहे. दादा २०२१च्या एप्रिलमध्ये गेला, तो विषय वेगळा.) माझा प्रश्न इतकाच, की खोट्या चित्रांवर एवढं रडणं नॉर्मल आहे का? हिला कुणाला दाखवावं का? – एक बाप»

लोकमान्य नगरच्या बाबांना नमस्कार.

आधी विचारलेल्याचं उत्तर देऊन टाकते, म्हणजे तुमचा आणि वहिनींचा जीव भांड्यात पडेल. हो, नॉर्मल आहे. जी मुलगी जेवते, शाळेत जाते, मैत्रिणींशी खिदळते आणि फक्त बापाशी अबोला धरते, तिला कुणाकडे न्यायची गरज मला तरी दिसत नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, शाळा नकोशी झाली आणि हे आठवडा-दोन आठवडे चाललं, तर मात्र डॉक्टरांना गाठायचं. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा कानावर आली, तर त्याच दिवशी. सरकारची टेली-मानस नावाची हेल्पलाइन आहे, १४४१६ नंबर, रात्रीबेरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. पत्र कसलंही असो, हा नंबर मी लिहितेच. तुमच्या घरी तो लागेल असं वाटत नाही.

गेम बंद करायचं मात्र मनातून काढून टाका. अबोल्याला कुलूप लावायचं असेल तर तो उत्तम उपाय आहे.

आता माझ्याबद्दल सांगते. मी त्रेसष्ट वर्षांची. माझी गेममधली मजल मोबाइलवरच्या पत्त्यांपलीकडे गेलेली नाही. तुम्ही गेमचं नाव लिहिलं नाहीत, बहुधा विचारलंच नसेल. पण ते एक वाक्य, पोरगा थोरल्या भावाला खड्ड्याकडे ओढतोय, माझ्या भाच्याला फोनवर वाचून दाखवलं आणि पठ्ठ्याने क्षणात ओळखलं. "मावशी, हा ब्रदर्स." पूर्ण नाव 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स'. २०१३ सालचा, स्वीडनमधल्या कंपनीचा. करवून घेणारा जोसेफ फारेस, मूळचा सिनेमावाला. तीन-चार तासांत संपतो म्हणे. म्हटलं, मग खेळूनच बघू. न चाखता पोह्यांना नावं ठेवायची नाहीत, हा आपल्या गावाचा नियम आहे.

तर दोन शनिवार भाच्याकडे जाऊन बसले. (ज्यांना हा गेम पुढे खेळायचाय, त्यांनी पुढचे चार-पाच परिच्छेद सोडून द्यावेत. तुम्हाला काय, तुम्ही त्यातलं मरण तिच्या खांद्यावरून पाहूनच ठेवलंय.)

तुम्ही ज्याला रिमोट म्हणता त्याला मुलं कंट्रोलर म्हणतात. एवढा एक शब्द तिच्यासमोर बरोबर वापरा, फरक पडतो. त्या कंट्रोलरवर दोन अंगठ्यांखाली दोन काड्या असतात, आणि मागच्या बाजूला बोटांखाली डावीकडे-उजवीकडे दोन दाबायच्या पट्ट्या. या गेममध्ये डावी काडी आणि डावी पट्टी म्हणजे थोरला भाऊ. उजवी काडी, उजवी पट्टी म्हणजे धाकटा. दोघंही एकाच वेळी तुमच्या हातात. बाप आजारी आहे, त्याच्यासाठी लांबवरच्या एका झाडाचं पाणी आणायला पोरं निघालीत, एवढीच गोष्ट. बोलतात ती भाषा कुठलीच नाही, मुद्दाम बनवलेली. एक शब्द कळत नाही आणि सगळं कळतं.

पहिला अर्धा तास माझी नुसती फजिती. एकाला चालवायला गेले की दुसरा झाडाला थडकतोय. एका हाताने कणीक मळत दुसऱ्याने फोन कानाला लावणारी बाई मी, पण हे काही जमेना. भाचा शेव खात नुसता बघत होता, हसलासुद्धा नाही. (हे मी तुम्हाला उद्देशूनच लिहितेय.) मग तासाभराने काय झालं कळलं नाही, डावा अंगठा आपोआप दादा झाला. उंच कठडा आला की डावं बोट आधी दाबायचं, थोरला धाकट्याला वर चढवतो. गजांमधून जायची फट आली की उजवं, कारण धाकटाच तिथून निसटू शकतो. पाणी आलं की धाकटा थबकतो. त्याची आई त्याच्या डोळ्यांदेखत बुडालेली. तो पोहत नाही. तो थोरल्याच्या पाठीला घट्ट धरतो आणि थोरला पोहतो. मी डावी काडी पुढे दाबायची, उजवं बोट घट्ट धरून ठेवायचं. उजवं बोट सुटलं तर पोरगा बुडेल. ती नदी पार होईस्तोवर माझा श्वास अडकलेला.

आणि मग थोरला मरतो. कसा ते सांगत नाही. पण काय होतं, माहीत आहे? कंट्रोलरची डावी बाजू मरते. काडी हलते, पट्टी दबते, आणि पडद्यावर काहीही होत नाही. माझा डावा अंगठा तसाच तिथे ठेवलेला, सवयीने. उजव्या हाताने मी धाकट्याला चालवलं. भावाला खड्ड्यापर्यंत ओढायचं काम मलाच होतं, आणि माती लोटायचंही. सिनेमात हे दृश्य पडद्यावर आपलं आपण होतं, आपण रडतो किंवा शेंगदाणे खातो, ते थांबत नाही. इथे मी थांबले की ते थांबतं. मी हात पुढे नेल्याशिवाय माती पडत नाही. तुम्ही खोलीत शिरलात तेव्हा तुमची मुलगी हेच करत होती. रडत बसली नव्हती. काम करत होती, आणि रडत होती.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, कारण तिने कॉम्प्युटर बंद केला.

घराकडे परतताना पुन्हा पाणी लागतं. वादळ, पाऊस. धाकटा काठाशी जाऊन मागे सरतो. मी उजवी काडी दाबतेय, उजवी पट्टी दाबतेय, तो आत जायला तयार नाही. मी भाच्याकडे बघितलं. तो गप्प. शेवेची वाटी बाजूला ठेवलेली. मिनिटभर तरी मी चुकीची बटणं चाळवली असतील. मग, कसं कोण जाणे, डावं बोट दाबलं गेलं. तेच, दादाचं, मेलेलं बटण. आणि पोरगा पाण्यात उतरला. पोहायला लागला.

मी त्रेसष्टाव्या वर्षी, विजय नगरच्या फ्लॅटमध्ये, भाच्याच्या देखत, पदराला डोळे पुसले. तुमच्याकडे 'कुणाला दाखवावं का' असं पत्र पाठवावं का?

हे 'खोट्या चित्रांवर' तुम्ही लिहिलंत ना, त्याची मला जरा गंमत वाटली. आपल्या इंदूरच्या सानंद संस्थेच्या नाटकाला तुम्हीही जात असाल. आपल्या शेजारचा माणूस तिसऱ्या अंकात चश्मा काढून पुसायला लागतो, त्याला कुणी म्हणत नाही की भिया, रंगमंचावरची ती म्हातारी आता मेकअप उतरवून आपल्यासारखीच रिक्षाने जाणार आहे. माझी आजी श्रावणात श्रियाळ-चांगुणेची कथा ऐकायला बसायची. दर वर्षी तीच कथा. दर वर्षी ठाऊक, की शेवटी चिलया बाळ पळत पळत परत येणार. तरी ते उखळाचं आलं की आजी पदर तोंडात कोंबून रडायची. मी लहानपणी विचारलं होतं, अगं, येणारे ना तो परत? ती म्हणाली, "येईल गं, पण कांडायचं तिलाच आहे ना."

तेव्हा मला काही समजलं नव्हतं. त्या शनिवारी डावा अंगठा रिकामा धरून बसले तेव्हा समजलं. पोर जातं एवढ्याने आजी रडत नव्हती. मुसळ आईच्या हातात आहे, याने रडायची. कथेकऱ्याला ते शब्दांतून दाखवावं लागतं. गेममध्ये मुसळ आपल्याच हातात देतात.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याशी भांडते. 'त्यात रडण्यासारखी गोष्टच नसायची.' काँट्रापुरतं मान्य. पळा आणि गोळ्या घाला, दुसरं काही नाही. पण प्रिन्स ऑफ पर्शिया? त्याच्याबद्दल भाच्याने मला जे सांगितलं आणि मग मी स्वतः शोधून वाचलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तो गेम १९८९चा, जॉर्डन मेक्नर नावाच्या तरुणाने जवळजवळ एकट्याने केलेला. तोवर गेममधली बहुतेक माणसं ठोकळ्यांसारखी हलायची. याला खऱ्या माणसासारखं धावणं हवं होतं. म्हणून १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला लावलं आणि व्हिडिओवर टिपलं. मग ते चित्र-चित्र करून कॉम्प्युटरवर उतरवून काढलं. संगीत त्यांच्या वडिलांचं. म्हणजे तुम्ही आणि दादा क्लासच्या कॉम्प्युटरवर ज्याला पळवत होता, खिळ्यांवरून उडी मारताना ज्याच्यासाठी दोघंही 'ए ए ए' ओरडत असाल, ते एका थोरल्या भावाने जपून ठेवलेलं धाकट्याचं पळणं होतं.

आणि त्या गेममधली सावली आठवते का? आरशातून उडी मारली की राजपुत्राचीच सावली बाहेर पडून पळून जाते. पुढे तुमच्या वाटचं औषध पिऊन टाकते, दार लावून तुम्हाला खाली पाडते. ती आली कुठून, तर अडचणीतून. कॉम्प्युटरची मेमरी संपत आलेली, नवा शत्रू काढायला जागाच नाही, म्हणून राजपुत्राचीच चित्रं पुन्हा वापरली. शेवटाकडे तीच सावली तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला वार केला की आपलाच जीव कमी होतो. मारलं तर आपणच मरतो. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्याकडे चालत जायचं. दोघं एक होतात. तुम्ही तिथवर पोचला होतात की नाही कोण जाणे. एका तासाची मुदत असते, आणि क्लासचे सर त्याआधीच येत असतील.

एक शब्द न बोलता एवढं सांगणाऱ्या गेमला 'गोष्ट नव्हती' म्हणू नका.

जुन्या गेममध्ये लोक रडलेतही. १९८३ साली 'प्लॅनेटफॉल' म्हणून एक आला होता. त्यात चित्र नावाला नाही, सगळा लिहिलेला मजकूर. फ्लॉइड नावाचा एक बालिश रोबो तुमच्या मागे-मागे फिरतो, बडबडतो, आणि एके ठिकाणी तुमच्यासाठी मरणाच्या खोलीत शिरतो. नुसती अक्षरं वाचून मोठी माणसं रडली. (नीट खेळलात तर तोही शेवटी परत येतो, आमच्या चिलयासारखा.) मग १९९७चा 'फायनल फँटसी सेव्हन'. तीन डिस्कचा गेम आणि पहिली डिस्क संपता-संपता एअरिथ नावाची फुलं विकणारी मुलगी मारली जाते. तोवर खेळणाऱ्याने तिला कित्येक तास सांभाळलेलं असतं. तिच्यासाठी काठ्या घेतलेल्या असतात, ती काठीने लढते. ती गेल्यावर त्या काठ्या पिशवीत तशाच राहतात, दुसऱ्या कुणालाच त्या चालत नाहीत. मला हे ऐकून कपाटातल्या चपला आठवल्या. कुणाच्या ते सांगत नाही, प्रत्येक घरात असतात. तिला परत जिवंत करायची काहीतरी युक्ती असणारच, या आशेवर जगभरची पोरं कित्येक वर्षं शोधत राहिली. युक्ती नव्हती.

नव्यांमध्ये चेहरे खरे झालेत. डोळ्यांत पाणी तरळतं तेही दिसतं, आवाज नटांचे, वाद्यवृंद मागे. माझं मत विचाराल तर काही नवे गेम त्याच्याच नादात सिनेमा होऊन बसतात. दहा-दहा मिनिटं आपण हातावर हात ठेवून बघायचं. ते मला पटलं नाही. पण सगळेच तसे नाहीत. २०१८च्या 'रेड डेड रिडेम्प्शन टू'मध्ये आर्थर नावाच्या डाकूला टीबी होतो. कर्जवसुलीला गेलेला असताना एका आजारी माणसाला मारहाण करतो आणि तिथूनच तो रोग घेऊन येतो, म्हणजे ती मारहाणही खेळणाऱ्यानेच केलेली. शेवटी त्याचा घोडा गोळी लागून पडतो. मागे पकडायला माणसं लागलीत, आणि हा खाली बसून घोड्याला 'थँक यू' म्हणतो. माझा भाचा, सव्वीस वर्षांचा, दाढी राखलेला, आयटीत नोकरी. म्हणाला, "मावशी, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. आई बाहेर होती ना." माझी बहीण कधी हसली असती असं मला वाटत नाही. पण त्याला तसं वाटलं, म्हणून तो बाथरूममध्ये गेला. तुमची मुलगी खोलीतच रडली, दार उघडं ठेवून. याचा जरा विचार करा.

आणखी एक सांगते, मग मुद्द्यावर येते. २०१६ साली एका अमेरिकी जोडप्याने 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' नावाचा गेम काढला, स्वतःच्या मुलाच्या आजारपणावर. तो मुलगा २०१४मध्ये, पाच वर्षांचा असताना गेला. त्यात हॉस्पिटलमधली एक रात्र आहे. बाळ रडतंय, आपण बाप आहोत. पाणी द्या, उचलून घ्या, फिरवा, कुठलंही बटण दाबा, रडणं थांबत नाही. हा मी खेळले नाही. खेळणारही नाही. पण ज्यांनी तो केला त्यांनी तो का केला असेल, हे मला समजतं.

आता तो कंस.

तुमचं पत्र मी बाजूला ठेवून दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले ते त्या कंसापायी. 'दादा २०२१च्या एप्रिलमध्ये गेला, तो विषय वेगळा.' भाऊ, तो विषय वेगळा नाही. त्याच ओळीच्या वर तुम्ही धबधबा लिहिलाय. काँट्रामधली ती लेव्हल भाच्याने मला दाखवली. पडदा वर-वर सरकत जातो. एक जण भराभर चढला तर खाली राहिलेला पडद्याबाहेर जातो आणि मरतो. म्हणून पुढच्याला थांबावं लागतं. तुमचा दादा थांबायचा. तीस-पस्तीस वर्षांत तुम्ही हे विसरला नाहीत, आणि मुलीची तक्रार लिहायला बसलात तेव्हा नेमकं तेच हाताखालून उतरलं.

तो एप्रिल आपल्या गावात कसा गेला, ते मला सांगायला नको आणि तुम्हालाही नको. आमच्या घरातूनही एक जण गेला. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. हात लावायला नाही, खांदा द्यायला नाही. कुणी भेटायला आलं नाही, आपणही कुणाकडे गेलो नाही. तेराव्याला घरातलीच चार माणसं, आणि बाकीचे फोनवर. तुमचं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारत नाही. पण समजा तुमचंही तसंच काही झालं असेल, तर चार वर्षांनी, रात्री साडेअकराला, धावत आत गेल्यावर समोर काय दिसलं? धाकटा भाऊ थोरल्याला आपल्या हाताने मूठमाती देतोय. आणि हात तुमच्या लेकीचे.

तुम्हाला हसू फुटलं. मला नाही वाटत ते हसू होतं.

तिच्याबद्दल मात्र घाईने काही ठरवू नका. तेव्हा ती अकरा वर्षांची असेल. काकाशी तिचं किती सूत होतं, मला माहीत नाही. ती काकासाठी रडली असेल, किंवा त्या गेममधल्या दोन पोरांसाठीच रडली असेल. दोन्ही ठीक. जाऊन 'काकाची आठवण आली ना गं बाळा?' असं विचारू नका, मुलांना असली उलटतपासणी मुळीच आवडत नाही. तिचं रडणं तिच्या गोष्टीपाशी राहू द्या. तुमचं तुम्ही सांगा.

आणि सांगायचं ते सरळ. सराफ्यात नेऊन भुट्ट्याचा कीस आणि गराडू खिलवून मिटवायचा हा मामला नाही. (नंतर न्या. मलाही आवडतं.) रविवारी सकाळी पोहे झाल्यावर, वहिनी समोर नसताना, तिच्या दाराशी उभं राहून एवढं म्हणायचं: 'त्या रात्री मी हसलो ते चुकलं. मला ते बघवलं नाही.' 'पण' लावायचा नाही. 'तूसुद्धा अभ्यास सोडून' वगैरे तर अजिबात नाही. ती 'ठीक आहे' म्हणून पुन्हा मान खाली घालेल. घालू द्या. लगेच गळ्यात पडणारी पंधरा वर्षांची मुलगी मी तरी पाहिलेली नाही.

मग दोन-चार दिवसांनी विचारा, तो गेम पुढे काय होतो. तिने त्या रात्री मातीपाशीच बंद केला होता. नंतर एकटीने पूर्ण केला असेल तर प्रश्नच नाही. केला नसेल, तर तिची गोष्ट महिनाभर त्या खड्ड्यापाशी अडकून पडलीय, आणि तिथे तुमच्यामुळे अडकलीय. पुढची नदी तिला पार करू द्या. शेजारी खुर्ची ओढून बसा. फोन दुसऱ्या खोलीत. पट्टी कुठली दाबायची ते माझ्या या लेखामुळे तुम्हाला आता कळलंय. जिभेवर आलं तरी बोलू नका. भाचा बोलला असता तर माझे ते डोळे पुसणं वाया गेलं असतं.

तिने आधीच पूर्ण केला असेल, तर तुम्ही खेळा. पहिल्यापासून, एकट्याने, दोन्ही काड्या स्वतःच्या हातात धरून. ती तुमच्या झाडाला थडकण्याला हसेल. हसू द्या, तो तिचा हक्क झालाय. शेवटाला पोचाल तेव्हा ती खोलीत असावी की नसावी, हे तिलाच ठरवू द्या. रडू आलं तर बाथरूममध्ये जाऊ नका.

वहिनींना सांगा, अकराच्या पुढे कॉम्प्युटर बंद हा नियम खुशाल लावा. दहावीचं वर्ष आहे, झोप हवीच. पण तो नियम झोपेचा आहे असं सांगून लावा. रडण्याची शिक्षा म्हणून लावलात, तर पुढच्या वेळी हुंदका बाहेर ऐकू येणार नाही.

राहता राहिला तुमचा माळा. त्या टीव्ही गेमचा अ‍ॅडाप्टर एव्हाना गेलेला असणार. जेल रोडवर विचारा, जुनं दुरुस्त करणारा एखादा अजून सापडतो. नव्या टीव्हीला मागे पिवळ्या-पांढऱ्या पिनांची जागा आहे का ते आधी बघून घ्या. बदकं मारायची बंदूक असेल तर तिचा नाद सोडा, सपाट टीव्हीवर ती चालत नाही. कॅसेटला फुंकर मारायची, तीही तिला शिकवा. उपयोग होतो की नाही माहीत नाही, पण त्याशिवाय मजा नाही.

दादाचा पॅड तिच्या हातात द्या. तिला काँट्रा येत नसणार, पहिल्या लेव्हललाच चार वेळा मरेल आणि वैतागेल. तिसऱ्या लेव्हलला धबधबा लागतो. तिथे चढताना खाली बघा, ती कुठवर आलीय, आणि थांबा.